सव्वीसचे आटे

जुन्या मोटारसायकलचं चाक उतरवलं की मी सगळ्यात आधी स्पिंडलची, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याची, टोकं बघतो. रिम, आरे, टायर नंतर. गेल्या पन्नास-साठ वर्षांत गाडी कुणाकुणाच्या हाताखालून गेली आणि त्या हातांनी तिला कसं वागवलं, हे टोकावरच्या पहिल्या तीन-चार आट्यांवर उमटलेलं असतं. टोक ठोकून पसरलेलं असेल तर कुणीतरी नट पूर्ण काढून लोखंडी हातोड्याने स्पिंडल बाहेर हाणलाय. आटे एकाच बाजूने दबले असतील तर सुटं चाक कधीतरी फरशीवर त्या टोकावर पडलंय. आणि आट्यांचे माथे वस्तऱ्यासारखे पातळ झाले असतील, तर चुकीच्या मापाचा नट पान्ह्याला पाइप लावून बळंच चढवलाय. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. पहिल्या दोन्हींत धातू जागेवरून सरकलेला असतो, तिसऱ्यात तो गेलेलाच असतो.

मी राहतो कोल्हापुरात. शिवाजी उद्यमनगरात आजही अशा वर्कशॉप आहेत, जिथे हातात एकच तुकडा घेऊन गेलं तरी लेथवरचा, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावरचा, माणूस आधी तो तुकडा हातात घेऊन निरखतो आणि मग बोलतो. माझं बरंचसं काम तिथल्या एका मामांच्या लेथवर होतं. त्यांचं मशीन हरिहरच्या मायसोर किर्लोस्करचं, माझ्याहून वयाने मोठं. मामा बोलतात कमी. मी तावातावाने काही सांगायला लागलो की म्हणतात, "काय गडबड हाय? आधी माप घे की."

आणि आट्यांच्या कामात खरं कष्टाचं काम मापाचंच आहे. आटे दुरुस्त करायला कानस आणि डाय, म्हणजे बाहेरचे आटे पाडायचं नटासारखं हत्यार, एवढं पुरतं. पण समोरचे आटे नेमके कुठल्या घराण्याचे आहेत हे ओळखल्याशिवाय त्यांना हत्यार लावणं म्हणजे उरलंसुरलं संपवणं.

मेट्रिकवर वाढलेल्या माणसाला इंग्लिश गाड्यांचे आटे चक्रावून टाकतात. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं एक प्रमाण मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. त्याच्या आट्यांचा कोन 55 अंश, माथा आणि खाच दोन्ही गोल. पुढे 1908 च्या सुमारास त्याच कोनाचे बारीक आटे आले, ते बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन. पण सायकलवाल्यांची गरज वेगळी होती. पातळ नळ्या, लहान नट, सततची थरथर, म्हणून त्यांनी 1902 मध्ये स्वतःचं प्रमाण ठरवलं. कोन 60 अंश, आणि बहुतेक मापांना इंचात सरसकट 26 आटे. पाव इंची बोल्ट असो की तीन अष्टमांश, आटे 26 च. काही जाड मापांना 20.

मोटारसायकलच्या चाकात सायकलचे आटे आले कुठून? मोटारसायकल बनवणारे कारखाने मुळात सायकलवालेच होते, तिथून. बीएसए बंदुका आणि सायकली करायची, ट्रायम्फ सायकली करायची. रॉयल एन्फिल्डचं रेडिच हे तर सुया बनवणाऱ्यांचं गाव, तिथे सुयांवरून सायकल आणि सायकलवरून 1901 ची पहिली मोटारसायकल असा प्रवास झाला. त्यामुळे इंजिनात व्हिटवर्थ किंवा बीएसएफ, चाकात आणि चेसिसवर सायकलचे आटे, अशी सरमिसळ एकाच गाडीत सापडते. तीन अष्टमांशचे दोन बोल्ट शेजारी ठेवले, एक बीएसएफ आणि एक सायकलचा, तर जाडीत फरक दिसत नाही. पण पहिल्यात इंचात 20 आटे, दुसऱ्यात 26.

आपल्याकडचा गोंधळ आणखी एका कारणाने वाढला. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट इंचांत घडवलेली इथे आली. पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, वजनमापांचा कायदा होऊन देशाने मेट्रिकची वाट धरली. म्हणजे गाडी इंचाची आणि बाजार मिलिमीटरचा. म्हैसूरला 1961 पासून बनलेल्या जावाला हा त्रास नाही, तिचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं, ती जन्मापासून मेट्रिक. म्हणून एकाच रस्त्यावरच्या एकाच मिस्त्रीकडे सकाळी जावा आणि दुपारी बुलेट किंवा युद्धानंतर लष्कराकडून लिलावात निघालेली एखादी बीएसए यायची. त्याच्या डब्यात जो नट असेल तो तो लावायचा. गाडी चालू करून देणं ही त्याची निकड होती, त्याला दोष द्यायला माझं मन होत नाही. पण त्या डब्यातल्या नटांनी काय केलं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे.

इंचात 26 आटे म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजेच पिच, 0.977 मिलिमीटर. मेट्रिक बारीक आट्यांच्या एका प्रकाराचं अंतर 1 मिलिमीटर. फरक एका आट्यामागे केसाच्या जाडीहूनही कमी. तीन अष्टमांश इंच म्हणजे 9.525 मिलिमीटर. आता त्यावर 10 मिलिमीटरचा, 1 पिचचा नट लावून बघा. तो जातो. अडत नाही, कुरकुरत नाही, बोटांनी सरळ आतपर्यंत जातो, आणि लावणाऱ्याला वाटतं की मिळाला एकदाचा बरोबर नट. पण जाडीतल्या जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या फरकामुळे आट्यांची एकमेकांतली पकड निम्म्याहून जेमतेम जास्त उरते. आट्यांचे फक्त माथे एकमेकांना धरून असतात. पान्हा लावून कसला की सुरुवातीला कसल्यासारखा वाटतो, मग एका क्षणी पान्हा मऊ पडतो. तो मऊपणा ज्याच्या हाताला एकदा कळला तो विसरत नाही. माथे सोलून निघालेले असतात, आणि ते पातळ वस्तऱ्यासारखे आटे इथेच जन्माला येतात.

20 चे आटे तर आणखी फसवे. त्यांचं अंतर 1.27 मिलिमीटर, आणि बाजारात सर्रास मिळणारी मेट्रिक पिच 1.25 ची. पिच गेजची, म्हणजे आट्यांवर ठेवून पिच ओळखायच्या दातेरी पात्यांतली, 1.25 ची पाती दबलेल्या, गंजलेल्या आट्यांच्या छोट्या तुकड्यावर ठेवली की बसल्यासारखीच वाटते. म्हणून मी गेजवर एकट्यावर विसंबत नाही. व्हर्निअरची, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीची, टोकं दहा आट्यांच्या अंतरावर टेकवतो. 12.5 आलं तर मेट्रिक, 12.7 आलं तर इंची. पाव मिलिमीटरसुद्धा नाही, पण व्हर्निअरला तो फरक स्पष्ट दिसतो. आणि हे माप टोकाकडच्या मार खाल्लेल्या भागावर घ्यायचं नसतं. नट जिथे कायम बसून राहिला, तिथले मागचे आटे बहुतेक वेळा कोरे करकरीत सापडतात. रॉकेल आणि पितळी ब्रश मारला की साठ वर्षांपूर्वीच्या कारखान्यातलं काम आजही चकाकून दिसतं.

मध्यंतरी एका मित्राने बीएसएचा एक मागचा स्पिंडल आणून दिला. व्यास 9/16 इंच, आटे 20 चे. कुठल्याशा गॅरेजने त्यावर चौदाचा, 1.25 पिचचा डाय फिरवला होता. 9/16 म्हणजे 14.29 मिलिमीटर, चौदाच्या इतकं जवळ की डाय चढलाच. भिंगाखाली धरला तेव्हा काय झालं ते आट्याआट्याला वाचता येत होतं. टोकाशी दोन्ही आटे जुळलेले, सगळं छान. पाचव्या-सहाव्या आट्यापाशी डायने एका बाजूचा उतार खरवडायला सुरुवात केलेली. पंधराव्या आट्यापर्यंत डाय तीन दशांश मिलिमीटर मागे पडलेला, म्हणजे जवळजवळ पाव पिच, आणि आट्याची भिंत एका बाजूने कापून कागदासारखी पातळ केलेली. नट घट्ट बसतो तो नेमका त्याच आतल्या भागावर. बाहेरून बघणाऱ्याला स्पिंडल नव्यासारखा लखलखीत दिसत होता. जिथे ताकद हवी तिथेच ती काढून घेतली होती. मित्र म्हणाला, "आटे तर मस्त दिसतायत." मी त्याला भिंग दिलं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "यावर मी मुलाला मागे बसवून फिरतोय."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. चाकाचे आटे आणि टाकीच्या पट्टीचे आटे यांत हाच फरक आहे. टाकीची पट्टी सुटली तर खडखडाट होतो.

आता वाचवण्याजोग्या आट्यांविषयी. नवं कापायचं नाही, जुन्याच्या मागून चालायचं, हा मी धरलेला नियम. डाय हे कापायचं हत्यार आहे. तो टोकाकडून सरळ चढवला तर पहिले दबलेले आटे त्याला वाट दाखवू शकत नाहीत, तो तिरका शिरतो आणि पुढचे चांगले आटेही घेऊन जातो. म्हणून उलट्या बाजूने यायचं. दोन भागांचा डाय मिळतो, मधून उघडणारा. तो मागच्या चांगल्या आट्यांवर दोन्हीकडून मिटवायचा, हलका कसायचा, कटिंग ऑईल घालायचं आणि फिरवत फिरवत टोकाकडे बाहेर काढायचा. चांगले आटे त्याचा हात धरून त्याला बिघडलेल्या आट्यांपर्यंत आणतात. आत दबलेला धातू उठून पुन्हा आपल्या जागी येतो, भुसा फार पडत नाही. भुसा जास्त पडायला लागला तर थांबायचं, काहीतरी चुकतंय.

असा डाय सव्वीसच्या मापात मिळणं मुश्किल. मग एखादा चांगला जुना नट घ्यायचा, त्याच्या आट्यांत आडव्या खाचा पाडायच्या, म्हणजे मळ आणि कचरा साचायला जागा होते, आणि नट मधून चिरून दोन अर्धे करायचे. पकडीने स्पिंडलवर आवळले की कामचलाऊ डाय तयार. नटाच्या आतल्या आट्यांसाठी हेच उलटं. चांगल्या आट्यांच्या जुन्या बोल्टला हॅकसॉने उभ्या खाचा पाडल्या की साफसफाईचा टॅप झाला. कडक पोलादाचा नसतो, त्यामुळे नवं काही कापू शकत नाही, आणि म्हणूनच तो भरवशाचा.

एखाददुसराच आटा दबला असेल तर बारीक त्रिकोणी कानस पुरते. खिडकीजवळ बसावं, उजेड आडवा पडू द्यावा, आणि खाचेतून खाचेत एकेक हात मारत जावं. कानस माथ्यावर चालवायची नाही, उतारावर चालवायची. मला हे काम मनापासून आवडतं. त्या अर्ध्या तासात दुसरं काही सुचत नाही आणि सुचायला नकोच असतं.

टोक फारच पसरलं असेल तर लेथ लागतो, आणि इथे मामांचं काम बघत उभं राहावं असं आहे. स्पिंडलच्या टोकांना कारखान्यातली सेंटरची भोकं असतात, पण हातोड्याने तीही मिटलेली असतात. म्हणून मामा आधी स्पिंडल चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून डायल गेजच्या काट्यावर सरळ करून घेतात, भोक नव्याने खरं करतात, पसरलेली कड छाटून टोकाला उतार देतात. मग 60 अंशांचं टूल. गिअर 26 चे लावायचे. टूलला सरकवणारा लांब स्क्रू, म्हणजे लीडस्क्रू, इंची असलेल्या मशीनवर ते सोपं जातं, मेट्रिक मशीनवर 127 दात्यांचा गिअर लागतो, कारण 25.4 ला पाचने गुणलं तरच पूर्णांक हाती येतो. हाफ नट, म्हणजे टूलला लीडस्क्रूशी जोडणारी पकड, लावून मामा चक हातानेच पुढच्या दिशेला थोडा फिरवतात. मशीन जुनं, स्क्रूत खेळ आहे. तो खेळ एका बाजूला गेल्याशिवाय टूल जुळवलं तर सगळं वाया. मग आट्यांवर निळी शाई, आणि टूलचं टोक दोन्ही स्लाइडनी इकडून तिकडून सरकवत चांगल्या आट्याच्या खाचेत अलगद उतरवायचं. मागे पांढरा कागद धरायचा. टोकाच्या दोन्ही बाजूंनी उजेडाची सारखी रेघ दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ जाड दिसली की मामा काही न बोलता स्लाइडच्या चाकाला बोटाने टिचकी मारतात.

त्यानंतर हाफ नट उघडायचा नाही. टूल मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवून टोकापर्यंत यायचं आणि चक हाताने फिरवत पुन्हा आत जायचं. फक्त वर आलेला धातू निघतो. निळी शाई चांगल्या आट्यांवर तशीच राहते आणि बिघडलेल्या आट्यांवर पुसली जाते. सगळीकडे पुसली गेली तर टूल जास्त आत गेलंय. शेवटी मूळ नट बोटांनी लावायचा. मामा तो स्वतः लावत नाहीत, माझ्या हातात देतात.

हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, गोष्ट वेगळी. स्पिंडल नवा करता येतो, हब नाही. बेअरिंग धरून ठेवणारी जी मोठी कडी हबमध्ये आट्यांवर बसते, तिच्या भोकांत बसणारा खास पान्हा असतो. तो कुणाकडेच नसतो, म्हणून छिन्नी आणि हातोडा. त्यात अनेक इंग्लिश हबमध्ये एका बाजूचे आटे उलटे. छिन्नी मारणारा जितक्या जोरात सोडवतोय असं त्याला वाटतं, तितकी तो ती कसत असतो. असे हब मी बघितलेत, ज्यांच्या कडीचा घेर छिन्नीच्या घावांनी फुलासारखा उकललाय आणि कडी जागची हललेली नाही. छिन्नी उचलण्याआधी टॉर्च लावून काठावर दिसणाऱ्या आट्याचा उतार कुठल्या दिशेला जातो ते बघायला एक मिनिट लागतं. हब ॲल्युमिनियमचा असेल तर तो तापवावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेने कडी बऱ्याचदा मोकळी होते. ज्वाळा थेट लावू नये.

कडी निघाल्यावर आटे खराब दिसले की पहिली सूचना येते, बोअर मोठा करून नवे आटे पाडा. मला ते पटत नाही. हबचा धातू एकदा काढला की परत येत नाही, कडी मात्र कितीही वेळा नवी बनवता येते. मार बहुतेक बाहेरच्या दोन-तीन आट्यांनी खाल्लेला असतो, आतले शाबूत असतात. आत जागा असेल तर थोडी जास्त उंचीची कडी बनवून घ्यावी, आतल्या चांगल्या आट्यांपर्यंत पोहोचणारी. स्टडची लहान भोकं मात्र ॲल्युमिनियममध्ये पार गेली असतील तर हेलिकॉइल लावायला संकोच नको. स्टेनलेस तारेची ती गुंडाळी इंची मापांतही मिळते, आणि ॲल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा ती जास्त भार सोसते. जुन्या वस्तूच्या प्रेमापोटी कमकुवत भोक तसंच ठेवण्याला मी जतन म्हणणार नाही.

स्पिंडलच्या बाबतीत तर मी याहून कडक आहे. झिजलेल्या स्पिंडलवर वेल्डिंगने धातू भरून नवे आटे पाडून देणारे खूप आहेत, आणि ते काम दिसायलाही सुबक असतं. माझ्या गाडीला मी ते करणार नाही, दुसऱ्यालाही करू देणार नाही. वेल्डिंगच्या कडेचं पोलाद तापून आणि झटकन गार होऊन ठिसूळ बनतं, आणि स्पिंडलवर वाकवणारा भार सतत कमीजास्त होत राहतो. तडा आट्याच्या खाचेतून सुरू होतो, कारण ताण तिथेच एकवटतो, आणि बाहेरून तो दिसत नाही. फटींत झिरपणारा लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली की तडा असल्यास लाल केसासारखी रेघ उमटते. ही तपासणी कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात कुठेही करून मिळते. वाचवायच्या प्रत्येक स्पिंडलची करून घ्यावी.

रेघ उमटली, किंवा नटाच्या जागेचे आटे पातळ झालेले दिसले, की नवा स्पिंडल. ईएन 24 हे मिश्र पोलाद घ्यावं, उष्णता प्रक्रिया केलेलं. आटे मूळ मापाचे, सव्वीसचे तर सव्वीसचेच. पुढच्या माणसाच्या हाती ही गाडी जाईल तेव्हा त्याला तिसरंच काही सापडू नये. खाचेचा तळ गोल ठेवायला सांगावं, टोकदार नको. वर चकाकी हवी म्हणून प्लेटिंग करणार असाल तर प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत काही तास 200 अंशांच्या आसपास ठेवायची अट घालावी, नाहीतर पोलादात शिरलेला हायड्रोजन पुढे दगा देतो. प्लेटिंगवाले ही अट ऐकून वैतागतात. तरी घालावी.

बीएसएच्या त्या स्पिंडलचं आम्ही हेच केलं. विंटेज गाड्यांच्या मेळाव्यात जाणाऱ्यांना मूळ भागाचा मोठा ध्यास असतो. मित्रालाही होता. "ओरिजिनल राहणार नाही रे," असं तो दोन-तीनदा म्हणाला. जुना स्पिंडल टाकून दे असं मी त्याला म्हटलं नाही. तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून तो त्याच्या कपाटात ठेवलाय. गाडीची खरी वस्तू गाडीच्या मालकाकडे आहे, आणि चाकात जी आहे ती भार सोसणारी आहे. नवा नट मामांनीच केला, कारण चौदाचा काढून टाकल्यावर जुन्या मापाचा नट कुठे मिळेना.

हत्यारांचं सांगतो, कारण तिथेच सगळं अडतं. सव्वीसचे टॅप आणि डाय दुकानात मागितले तर दुकानदार डोकं हलवतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर चिकाटीने विचारत फिरलं तर एखाद्या जुन्या दुकानात मागच्या फळीवर निघतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भंगाराच्या ढिगात ब्रिटिश बनावटीचे डाय मी उचललेत, किलोच्या भावाने. डायवर बीएससी (ब्रिटिश स्टँडर्ड सायकल) किंवा सीईआय (सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूट) अशी अक्षरं आणि शेजारी 26 किंवा 20 कोरलेलं असतं. सायकलची जुनी दुकानं बंद होताना अशी हत्यारं लोखंड म्हणून जातात. विकणाऱ्याला ती कशाची आहेत हे माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं.

तुमच्या आजोबांचं, काकांचं सायकलचं दुकान असेल आणि माळ्यावर लाकडी पेटी असेल तर एकदा उघडून बघा. भिंगाखाली अक्षरं वाचा. अर्धा इंच आणि 9/16 चे 20 चे डाय, आणि डाव्या आट्यांचा कुठलाही टॅप, मला अजून हवाय. विकत द्या किंवा वापरायला द्या, तेल लावून परत करीन. आणि स्वतः वापरणार असाल तर माझ्यापेक्षा तुमच्याकडेच असू द्या.